ओठांवरचं इंग्रजी

बोल्टनमधल्या पहिल्या रात्री
मला पाच-सहा वेळा जाग आली.
आवाज नव्हता म्हणून.

इचलकरंजीत आमच्या भिंतीला लागून
मकोट्यांचे बारा माग.
त्या खडखडाटात मी पाळण्यात झोपले,
दहावीची भूमिती केली, ताप काढले.
वीज गेली की आख्खी गल्ली दचकून उठायची,
तान्ही पोरं रडायला लागायची.
इथं वीज जात नाही.
तरी वाटतं, कुणीतरी खटका पाडून
गाव सोडून गेलंय.

बेसिनला दोन नळ.
एक भाजतो, एक गारठवतो.
कोमट ज्याचं त्यानं ओंजळीत करून घ्यायचं.
व्हिसा, विमा, टीबीची तपासणी,
आईनं सगळ्याची यादी केली होती.
नळ राहिले.

दुकानातली मुलगी म्हणाली, "ऑलराइट, लव्ह?"
मी थांबले आणि खरं सांगायला लागले:
झोप नाही, टाचा फुटल्यात,
आणि सरांना एकेरी नावानं हाक मारायला
जीभ रेटत नाही.
मागं रांग वाढली.
तिनं मुकाट्यानं सुटे पैसे हातावर ठेवले.
आता मीही म्हणते, ऑलराइट.
ती म्हणते, मी म्हणते.
बाणा न भरता
धोटा नुसता इकडून तिकडं.

दुपारी चारला अंधार.
सूर्य दुसऱ्या पाळीला येतच नाही.

गावात मिल आहे, लाल विटांची, केवढी तरी.
चिमणीवर कंपनीचं नाव अजून उभं.
आत फ्लॅट.
फलकावर लिहिलंय: शांत परिसर.

शनिवारी धुलाईच्या दुकानात मॉरीन भेटली.
वय एक्याऐंशी, हातात ओली चादर.
तोवर इथलं कुणाचंच इंग्रजी मला धड कळत नव्हतं,
अर्धे शब्द ही माणसं चहाबरोबर गिळतात.
सगळी यंत्रं एकदम घुमत होती
आणि ही बाई आवाज न काढता
जबडा हलवून, ओठ ताणून
एकेक शब्द माझ्यासमोर मांडत होती:
नाणी. पलीकडच्या. खाचेत.
मला सगळं कळलं!

हे तर आप्पांचं बोलणं.
मागावर उभं राहून, चार माग पलीकडच्या
दस्तगीरचाचांना चहा सांगतात, तसं.

विचारलं. म्हणाली, पंधराव्या वर्षी विणकामाला लागले.
सहा माग. डावा कान तिथंच राहिला.
आमच्या पोरींची सगळी लफडी
मुकादमाच्या नाकासमोर बोलून व्हायची,
त्याला वाटायचं, च्युइंगम खातात.

मग मीही ओठांनी मराठी बोलून पाहिलं:
भूक.
तिनं डोळे बारीक केले, मान डोलावली,
आणि कोपऱ्यातलं एक जुनं पुस्तक
माझ्या मांडीवर आणून ठेवलं.
बुक.
आम्ही इतकं हसलो
की तिची कवळी सैल झाली.
पुस्तक कुत्र्यांच्या निगेबद्दल होतं.
उपाशीपोटी अठरा पानं वाचली.

रात्री अकराला आप्पांचा व्हिडिओ कॉल आला.
तिकडं पहाटेचे साडेचार, रात्रपाळी संपत आलेली.
एरवी मी ओरडते, बाहेर या, काही ऐकू येत नाही.
त्या रात्री म्हटलं, तिथंच थांबा.
कानामागं पेन्सिल, भुवयांवर कापसाची पिंज,
ओठ हलले:
जेवलीस?
मी ओठांनीच म्हटलं:
ऑलराइट.
त्यांना ते कळलं नसावं,
किंवा कळलं असावं.
फोन त्यांनी खिडकीत टेकवून ठेवला
आणि तुटलेला तार जोडायला गेले.

मी माझा फोन उशीखाली सरकवला.
खड् खट् खड् खट्.
केव्हा डोळा लागला कळलं नाही.

अडीचला दचकून उठले.
इचलकरंजीत वीज गेली होती.